जुन्या नावेची पारख

पहिल्यांदाच शिडाची नाव विकत घेणारा माणूस आधी तिच्या पोटात शिरतो. गाद्या दाबून बघतो, चूल बघतो, किती जण झोपतील ते मोजतो. नकाशे पसरायच्या टेबलापाशी घटकाभर बसतो, आणि तिथं बसल्या बसल्या त्याचा प्रवास मनात सुरूही होतो. विकणाऱ्याला एवढंच पुरे असतं. भर समुद्रात माणसाचा जीव ज्या गोष्टींच्या भरवशावर असतो, त्यातली एकही त्या टेबलापाशी बसून दिसत नाही.

शिरूर अनंतपाळला बसून नावांबद्दल लिहावं, याचं कुणाला नवल वाटेल. आमच्या तालुक्यातलं पाणी म्हणजे घरणी आणि साकोळचे तलाव, तेही पाऊसकाळ चांगला झाला तर. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण माझा पुतण्या हैदराबादला शिकायला गेला आणि हुसेनसागरावरची शिडं बघून खुळावला. तिथं लष्कराच्या ईएमई विभागाची शिडनौकांची जुनी संस्था आहे. आता तर यॉट क्लब ऑफ हैदराबाद वस्त्यांमधल्या पोरांनाही नाव चालवायला शिकवतो. पुतण्या तिथं काठावर उभा राहायचा आणि जमेल तेव्हा कुणाच्या तरी नावेत बसायचा. पुढं नोकरीनं त्याला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेलं. तिथं तो इतरांच्या नावांवर हात तयार करत राहिला, आणि मग त्याला स्वतःची हवीशी झाली. जुनी, तीस फुटांच्या आसपासची, चार दिवस आत राहता येईल अशी. नाव बघून आला की तो रात्री फोन करायचा, फोटो पाठवायचा. आमच्या घरात तेव्हा हाच विषय होता.

जुनीच का, हे मी त्याला आधी विचारलं. पैसा हे कारण आहेच. नवी नाव नोकरदाराच्या आवाक्यातली नसते. पण दुसरं कारण मला जास्त पटलं. फायबरच्या नावा मोठ्या संख्येनं बनायला लागल्या त्या साधारण १९६० नंतर. त्या काळात या नव्या मालाचा कारागिरांना पुरता भरवसा नव्हता, म्हणून ते थरावर थर चढवत आणि सांगाडा जाड ठेवत. त्यामुळं पन्नाशीला आलेली कितीतरी धडं आजही खणखणीत आहेत. फायबर कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. म्हातारं होतं ते त्या धडाला जोडलेलं बाकी सगळं. म्हणून जुन्या नावेचं वय एक नसतं. धड १९७८ चं, तारा २००९ च्या, इंजिन मधेच कधीतरी बदललेलं, आणि एखादी तोटी पहिल्या दिवसापासून तशीच.

एकदा त्यानं मला व्हिडिओ कॉलवर पाहणी दाखवली. नाव पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभी केली होती. पाहणी करणारा सर्व्हेअर साठीतला गृहस्थ, हातात छोटी हातोडी. तो नाळेपासून सुरू झाला आणि वीतभर अंतरानं ठोकत ठोकत मागं चालला. बोलत काही नव्हता. ठण, ठण, ठण असा कोरडा आवाज येत होता, आणि एका जागी तो आवाज बसला. तो थांबला. तिथंच चार बोटं वर, चार बोटं खाली ठोकलं आणि खडूनं गोल काढला. मग ओल मोजायचं यंत्र लावलं. फायबरच्या वरच्या तुकतुकीत थरातून पाणी वर्षानुवर्षं आत झिरपतं, आतल्या राळेशी त्याची क्रिया होते आणि पृष्ठभागावर फोड येतात. फोड टोचला तर आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. असे चार फोड असले म्हणून नाव बुडत नाही. त्याहून वाईट ओल असते ती वरच्या डेकमध्ये. डेक हलका राहावा म्हणून दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा नावाचं भेंडासारखं हलकं लाकूड घातलेलं असतं. कठड्याच्या एखाद्या स्क्रूपाशी भरलेला मसाला सुकला, की पाणी तिथून आत जातं आणि ते लाकूड आतल्या आत कुजतं. वरून रंग नवा असतो. पायाखाली मात्र डेक किंचित दबतो. सर्व्हेअरनं पुतण्याला बूट काढून डेकवर चालायला लावलं ते याचसाठी.

मी ते बघत होतो आणि मला हाळी हंडरगुळीचा बाजार आठवत होता. वडिलांबरोबर लहानपणी तिथं देवणी बैल बघायला जाणं व्हायचं. हेडी लोक शिंगं साळून, तेल लावून, झुली घालून जनावर उभं करायचे. नवखा माणूस दात उघडून बघायचा, दोन दाती की चार दाती एवढंच विचारायचा आणि खूश व्हायचा. वडील मागून पुढं यायचे, बैलाच्या खांद्यावर तळहात ठेवायचे आणि हळूहळू दाबत न्यायचे. जू घासून घासून खांदा धरलेला असेल, तर जनावर तिथं कातडी थरथरवतं. मग ते बैलाला चालवायला लावायचे, गाडीला जुंपून चढावर न्यायला सांगायचे. "दात काय बघायलास, खांदा बघ आधी," असं ते मला म्हणायचे. वय किती, याच्याआधी त्यांना आधीच्या मालकानं त्याला कसं जुंपलं, ते समजून घ्यायचं असे. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा तो त्यानंतर.

जुनी नाव घेणाऱ्यानं नेमकं हेच धरून चालावं, असं मला फार मनापासून वाटतं. आपण नाव घेत नसतो, आधीच्या माणसानं केलेली निगा घेत असतो. दोन नावा एकाच कारखान्यातल्या, एकाच साली बनलेल्या असल्या तरी तीस-चाळीस वर्षांनी त्या दोन वेगळ्या वस्तू झालेल्या असतात. एकीच्या मालकानं दर हिवाळ्यात तिला पाण्याबाहेर काढलं, तोट्या खोलून ग्रीस लावलं, इंजिनाचं तेल कधी बदललं ते वहीत लिहून ठेवलं. दुसरीचा मालक हौस सरल्यावर तिला धक्क्याला बांधून विसरला. किंमत कधी कधी दुसरीचीच जास्त असते, कारण तिच्या गाद्या नव्या असतात.

ही निगा दिसते कुठं? चकचकीत जागी दिसत नाही, हे नक्की. तळाशी नावेला भोकं असतात: संडासाचं, मोरीचं, इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेण्याचं. प्रत्येक भोकाला तोटी असते, आणि नळी फुटलीच तर ती तोटी बंद करणं एवढाच उपाय हाताशी असतो. नवख्यानं गुडघ्यावर बसून, फळ्या उचलून, प्रत्येक तोटी स्वतःच्या हातानं फिरवून बघावी. फिरत नसेल तर कैक वर्षांत तिला कुणी हात लावलेला नाही. ती पितळी असेल तर आणखी धोका. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, उरतं ते गुलाबी झालेलं भुसभुशीत तांबं. ते हातोडीच्या एका टोल्यानं तुटतं. कासं टिकतं. बाहेरून दोन्ही हिरवटच दिसतात. एका नावेच्या अशाच एका तोटीचा कोपरा पुतण्यानं चाकूनं खरवडला आणि मला फोटो पाठवला. खाली गुलाबी निघालं. त्या नावेचं बोलणं त्यानं तिथंच थांबवलं, आणि त्यानं ठीक केलं असं मला वाटतं. एक तोटी बदलायला खर्च किती येणार, असं कुणी म्हणेल. प्रश्न त्या एका तोटीचा नव्हता. ज्यानं ती तशी राहू दिली, त्यानं न दिसणारं बाकी काय काय तसंच ठेवलं असेल, याचा होता.

डोलकाठीला तोलून धरणाऱ्या पोलादी तारांचंही असंच. त्या जिथं डेकमधून खाली उतरून धडाला जखडलेल्या असतात, त्या पट्ट्या बहुधा कपाटामागं झाकलेल्या असतात. न गंजणारं म्हणून जे पोलाद वापरतात, ते हवा न लागता ओल साचलेल्या जागी आतून चिरत जातं. तारा दहा-पंधरा वर्षांत बदलाव्यात असं बहुतेक जाणकार सांगतात. म्हणून विकणाऱ्याला साल विचारावं आणि पावती मागावी. पावती नसेल तर तारा जुन्याच धरून किंमत ठरवावी. नावेखालचा जड कणा, ज्याला ते कील म्हणतात, तो बोल्टांनी बसवलेला असेल तर सांध्यापाशी पुढच्या टोकाला चीर आहे का बघावं. नाव कधी खडकावर बसली असेल तर ती चीर बोलते. इंजिन गार असतानाच सुरू करून बघावं. आपण पोचायच्या आधीच विकणाऱ्यानं ते तापवून ठेवलं असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावं. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातं. शिडांचं कापड उन्हानं मऊ पडतं आणि त्याआधी शिवण जाते, तेव्हा शिवणीत नख घालून ओढावं. ही यादी मी पाठ केलेली नाही. फोनवर ऐकून ऐकून अंगात मुरली आहे.

भारतीय माणसांनी शिडाच्या नावेतून जगाला पहिली प्रदक्षिणा घातली, ती नावही वापरलेलीच होती. लष्कराच्या इंजिनिअर दलानं, ज्याचं महाविद्यालय आपल्या पुण्यात दापोडीला आहे, इंग्लंडात एक जुनी स्वान ३७ घेतली. फिनलंडमध्ये बनलेली, ३७ फुटांची नाव. तिचं नाव ठेवलं तृष्णा. तिच्यावरून ते एकदम जगप्रदक्षिणेला निघाले नाहीत. आधी ती इंग्लंडातून समुद्रमार्गे मुंबईला आणली. त्या लांबच्या वाटेवर तिचं काय सुटतं, काय टिकतं, हे कळलं. मग २८ सप्टेंबर १९८५ ला मुंबईहून निघून १० जानेवारी १९८७ ला ती परत मुंबईला आली. पहिल्यांदा नाव घेणाऱ्यानं या गोष्टीतली मधली पायरी ध्यानात धरावी. घेतलेली नाव घरी आणणं हीच तिची खरी पाहणी. सर्व्हेअरची हातोडी जे सांगत नाही, ते एका रात्रीच्या लाटा सांगतात.

अलीकडचं उदाहरण कमांडर अभिलाष टॉमी यांचं. गोल्डन ग्लोब ही एकट्यानं जगाला फेरी मारायची शर्यत मुद्दाम जुन्या धर्तीची ठेवली आहे. नावेचा आराखडा १९८८ च्या आधीचा हवा, लांबी ३२ ते ३६ फूट, आणि पाण्याखाली पूर्ण लांबीची कील. ही शर्यत ज्या नावेच्या आठवणीत सुरू झाली ती सुहैली आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठंही न थांबता एकट्यानं जगाला वळसा घातला. २०१८ च्या शर्यतीत टॉमी गोव्यात बांधलेली सुहैलीची प्रतिकृती, थुरिया, घेऊन उतरले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नाव उलथली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. दोष नावेचा नव्हता, त्याच वादळात शेजारच्या स्पर्धकाचीही डोलकाठी गेली. तोच माणूस २०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा उभा राहिला, तो एका वापरलेल्या रस्लर ३६ वर. तिचं नाव बायानात. शर्यतीआधी त्यांनी ती खोलून, बळकट करून घेतली. वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र वाटेत पुन्हा पुन्हा मोडत होतं, आणि टॉमी नावेवरच्याच सामानातून कापून, जोडून ते चालतं ठेवत होते. २९ एप्रिल २०२३ ला दुसऱ्या क्रमांकानं ते फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. त्यांच्या आधी पोचल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. त्यांचीही नाव, मिनेहाहा, जुनीच. कॅनडाच्या थंडीत त्यांनी ती स्वतः उकलून पुन्हा उभी केली होती. दोघांच्या बाबतीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की निघताना आपल्या नावेचा प्रत्येक बोल्ट कुठं आहे हे त्यांच्या हातांना माहीत होतं.

नवी नाव बांधून घेणाऱ्याला ही ओळख सुरुवातीपासून करून घेता येते. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत. तेही समुद्रापासून दूरचं, पावसाच्या तुटीचं गाव. भारतीय माणसानं एकट्यानं जगप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी तिथं राहून सोडला नाही. कमांडर दिलीप दोंदे पुढं आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात म्हादेई ही नाव उभी राहत होती, तेव्हा दोंदे तिच्याबरोबरच वाढले म्हणावं इतके त्या कामात होते. २००९ च्या ऑगस्टात मुंबईहून निघून २०१० च्या मे महिन्यात ते परतले, एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून. जुनी नाव घेणाऱ्याला हे भाग्य नाही. त्यानं मागून, एकेक फळी उचलून, तीच ओळख करून घ्यायची असते. ती करायची तयारी नसेल तर जुनी नाव घेऊच नये. भाड्यानं घ्यावी, मित्राबरोबर जावं. त्यात कमीपणा काही नाही.

पैशाचं गणित पुतण्यानं फार नीट मांडलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला. जेवढे जमवलेत त्यातला तिसरा हिस्सा त्यानं बाजूला ठेवला, किंमत कितीही मोहाची असली तरी त्याला हात लावायचा नाही असं ठरवून. धक्क्याचं भाडं, विमा, वर्षातून एकदा पाण्याबाहेर काढणं, तळाचा रंग. वर्षाकाठी किमतीच्या दहाव्या हिश्शाइतका खर्च धरावा असा नाव बाळगणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे, पण जुन्या, स्वस्तात मिळालेल्या नावेला तो अपुरा पडतो. धक्का तिची किंमत विचारत नाही, लांबी विचारतो. म्हणून चार फूट मोठी नाव मोठी असते ती दरवर्षी. तिची शिडं जड, नांगर जड, तारा महाग. एकट्यानं किंवा बायकोला बरोबर घेऊन जाणाऱ्याला ती आवरत नाही, मग ती बांधलेली राहते आणि निगेवाचून जाते. "वर्षातले किती शनिवार-रविवार तू खरंच पाण्यावर असशील?" असं मी त्याला विचारलं. त्यानं मागच्या वर्षाची डायरी काढून मोजलं. त्यानंतर तो ३४ फुटांवरून २९ वर आला.

मग त्यानं विकणाऱ्यांना एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. किंमत कमी कराल का, हा नव्हे. "तुमच्या हातून काय करायचं राहून गेलं?" असा. बहुतेक जण म्हणाले, काही नाही, सगळं उत्तम आहे. एका वयस्क माणसानं मात्र कागद घेतला आणि लिहून दिलं: सुकाणूच्या पात्यात पाणी शिरतं, मागच्या खिडकीचं रबर गेलंय, डाव्या बाजूच्या दोन तारा मागच्या वर्षी बदलल्या, बाकीच्या राहिल्या, गुडघे साथ देत नाहीत. बरोबर वह्या दिल्या, पहिल्या मालकाच्याही. १९८१ पासूनच्या. कोणत्या दिवशी कोणती तोटी खोलली, कुठल्या बंदरात डिझेल भरलं, तेही त्यात आहे. नाव साधी आहे. गाद्यांना डाग आहेत, चूल एकच. सर्व्हेअरच्या अहवालात जवळपास तीच यादी आली जी त्या माणसानं कागदावर दिली होती, वर आणखी दोन गोष्टी.

पुतण्यानं ती घेतली. यंदा लांब कुठं जायचं नाही असं त्याचं ठरलंय. आधी सगळ्या तारा, मग सुकाणूचं पातं, मग तोट्या. जुन्या मालकाला त्यानं विचारलं आहे की पहिल्या सफरीला बरोबर याल का, आणि ते हो म्हणाले आहेत.